किंमत, सेवा आणि स्पर्धा : शाळेच्या खरेदीमागील विचार

शाळेसाठी एखादे यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो किमतीचा. 'केवढ्याला पडेल?' हा प्रश्न योग्यच आहे. शाळेच्या हाती येणारा पैसा थोडा असतो. तो अनुदानाचा असला तर जनतेच्या करातून आलेला असतो. लोकवर्गणीचा असला तर गावातील एखाद्या खलाशाने किंवा मुंबईस नोकरी करणाऱ्या चाकरमान्याने आपल्या मिळकतीतून बाजूस काढलेला असतो. असा पैसा जपून खर्चावा हे शिक्षकांस सांगावयास नको. परंतु जपून खर्च करणे आणि कमी किमतीची वस्तू घेणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. त्यांतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे काय होते, हे शाळेची जड संग्रह नोंदवही उघडली म्हणजे दिसून येते. नोंदवहीत प्रिंटर असतो, प्रोजेक्टर असतो, इन्व्हर्टर असतो. पण त्यांपैकी काही वस्तू कपाटात कापडाखाली निर्लेखनाची वाट पाहत पडलेल्या असतात. त्या सर्वच वस्तू वाईट होत्या असे नव्हे. पुष्कळदा त्या घेताना फक्त किंमत विचारली गेली आणि पुढचे दोन प्रश्न विचारावयाचे राहून गेले, एवढेच.

ते दोन प्रश्न सेवेचे आणि स्पर्धेचे होत. वस्तू बिघडल्यास ती कोण, कोठे आणि किती दिवसांत दुरुस्त करून देईल? आणि हा विक्रेता पसंत पडला नाही, तर दुसऱ्याकडे जाता येईल काय? किंमत, सेवा आणि स्पर्धा या तिन्ही गोष्टी एकत्र तोलल्याशिवाय खरेदीचा निर्णय पुरा होत नाही. रत्नागिरी जिल्ह्याला हा धडा नवा नाही. आगबोटींच्या काळात तो एकदा मिळाला आणि मोबाईल फोनच्या काळात पुन्हा मिळाला. त्या अनुभवांच्या आधारे या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

किंमत आणि खर्च

किंमत दुकानात एकदा द्यावी लागते. खर्च वस्तू वापरात असेपर्यंत चालूच राहतो. प्रिंटरचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातील दर त्या त्या वेळी बाजारात पाहून घ्यावेत.

समजा, एका यंत्राची किंमत ४,००० रुपये आहे. पण त्याची शाईची डबी लहान व महाग असल्यामुळे छापलेल्या प्रत्येक पानास ४ रुपये पडतात. दुसऱ्या यंत्रात शाईची टाकी आहे. त्याची किंमत १३,००० रुपये आहे. परंतु पानास ५० पैसे पडतात. दोन्ही यंत्रांना तीन वर्षांत दुरुस्तीस १,५०० रुपये लागतील असे धरू. शाळा दरमहा ३०० पाने छापते आणि वर्षातून दहा महिने यंत्र चालते असे मानले, तर तीन वर्षांत ९,००० पाने होतात. पहिल्या यंत्राचा एकूण खर्च ४,००० अधिक ३६,००० अधिक १,५००, म्हणजे ४१,५०० रुपये येतो. दुसऱ्याचा १३,००० अधिक ४,५०० अधिक १,५००, म्हणजे १९,००० रुपये. जे यंत्र दुकानात तिपटीहून महाग दिसत होते, ते तीन वर्षांअखेर निम्म्याहून कमी खर्चात पडले.

यावरून महाग वस्तूच नेहमी परवडते असा उलटा नियम मात्र कोणी काढू नये. एखाद्या लहान शाळेस महिन्याला तीसच पाने लागत असतील, तर तीन वर्षांत ९०० पाने होतील. मग पहिल्या यंत्राचा खर्च ९,१०० रुपये आणि दुसऱ्याचा १४,९५० रुपये येईल. त्या शाळेने स्वस्त यंत्र घेणेच शहाणपणाचे. किमतीतील फरक ९,००० रुपये आणि पानामागील फरक साडेतीन रुपये. म्हणून सुमारे २,५७० पानांनंतर पारडे फिरते. अर्थात निर्णय घेण्यापूर्वी शाळेने आपली गरज मोजली पाहिजे. गरज न मोजता केलेली तुलना म्हणजे माप न लावता केलेला सौदा होय.

यंत्र स्वस्त विकावयाचे आणि त्यास लागणारी नित्याची सामग्री महाग विकून नफा मिळवावयाचा, ही व्यापाराची जुनी रीत आहे. दाढीचा दस्ता स्वस्त आणि पाती महाग, हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. या रीतीत लबाडी असतेच असे नाही. पण तिचा एक परिणाम ध्यानी धरावा. यंत्र घेतेवेळी ग्राहकापुढे दहा कंपन्या असतात. ते घेतल्यानंतर मात्र शाई त्याच कंपनीची घ्यावी लागत असेल, तर तो बांधला जातो. ज्या क्षणी तो मोकळा असतो तो क्षण खरेदीपूर्वीचा. सर्व प्रश्न त्या क्षणी विचारले पाहिजेत.

सेवा म्हणजे काय

सेवा वस्तूबरोबर खोक्यात बांधून येत नाही, म्हणून ती तोलणे कठीण जाते. हमीपत्रावर 'एक वर्ष' असे छापलेले असते. पण ती हमी कोठे पाळली जाईल? यंत्र घेऊन कोल्हापूरला किंवा पुण्याला जावे लागणार असेल, तर मंडणगडच्या किंवा राजापूरच्या शाळेच्या दृष्टीने ती हमी कागदावरच राहते. कोकणातील हवेचाही विचार केला पाहिजे. किनाऱ्यावरील खारी हवा धातूस गंज आणते. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील दमट हवेने कागद ओलसर होतो व यंत्रात अडकतो. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र पडून राहिले म्हणजे शाई वाळून बारीक छिद्रे बुजतात. विजेचा दाब कमीजास्त होतो आणि वळवाच्या पावसात विजा पडतात. शहरातील वातानुकूलित दालनात पाच वर्षे चालणारे यंत्र येथे तितके टिकेलच असे नाही. म्हणून येथे सेवेची किंमत शहराहून अधिक आहे.

सेवेच्या अभावी होणाऱ्या नुकसानीचा एक भाग कोणत्याही पावतीवर लिहिला जात नाही. आपल्या जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. अशा शाळेतील एक शिक्षक यंत्र दुरुस्तीस घेऊन शहरात गेला, की त्या दिवशी निम्मी शाळा शिक्षकाविना राहते. एसटीचे भाडे शंभर-दोनशे रुपये होईल. ते कोठेतरी लिहिले जाईल. परंतु दोन वर्गांचा गेलेला दिवस कोठेही लिहिला जात नाही. तालुक्याच्या गावी दुरुस्ती करून देणारा, सुटे भाग ठेवणारा आणि निरोप मिळताच येणारा दुकानदार पाचशे रुपये अधिक मागत असेल, तर ते पाचशे रुपये या न लिहिलेल्या नुकसानीशी ताडून पाहावेत.

सेवेचा दुसरा गुण असा, की ती नसल्याचे प्रसंग येईपर्यंत कळत नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे बोट बुडाल्याची वार्ता मुंबई बंदरास तत्काळ मिळू शकली नाही; ती पोहून वाचलेल्यांकडून काही तासांनी कळली. तिकीट काढताना बोटीवर संदेशयंत्र आहे काय, असे कोणता उतारू विचारणार? तो भाडे विचारतो, वेळ विचारतो आणि चढतो. जी सुरक्षितता एकेकट्या ग्राहकास पाहता किंवा पारखता येत नाही, ती बाजारावर सोपवून भागत नाही. तेथे शासनाने नियम घालून द्यावे लागतात आणि ते पाळले जातात की नाही हे पाहावे लागते.

स्पर्धेने काय साधते

एकाच वस्तूचे अनेक विक्रेते असले म्हणजे भाव उतरतात आणि ग्राहकाची विचारपूस होऊ लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणूनच शाळेच्या खरेदीत दरपत्रके मागविण्याची पद्धत ठेवलेली आहे. तथापि स्पर्धेचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. एका प्रकारात विक्रेते आपापला कारभार सुधारून भाव कमी करतात. दुसऱ्यात एखादा सबळ विक्रेता प्रतिस्पर्ध्यास बाजारातून घालविण्यासाठी काही काळ तोटा सोसून भाव पाडतो. प्रारंभी दोन्ही प्रकार ग्राहकास सारखेच गोड वाटतात.

दुसऱ्या प्रकाराचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबई बंदरातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालाच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीचे वर्चस्व होते. जमशेटजी टाटा यांनी १८९३ साली जपानी आगबोट कंपनीशी करार करून स्वतःची वाहतूक सुरू केली. पूर्वी टनामागे १७ रुपयांच्या आसपास भाडे पडे; टाटांनी ते १२ रुपये ठेवले. तेव्हा इंग्रज कंपनीने आपले भाडे दीड रुपयापर्यंत खाली आणले. ज्या व्यापाऱ्यांनी आरंभी टाटांस पाठिंबा दिला होता, त्यांतील अनेक जण या स्वस्ताईकडे वळले आणि टाटांचा उपक्रम बंद पडला. प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यावर ही स्वस्ताई टिकणार नाही, असा इशारा जमशेटजींनी आधीच दिला होता. परंतु प्रत्येक व्यापाऱ्याने आपली त्या दिवसाची बचत पाहिली. उद्याचा पर्याय जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपलीही आहे, असे फार थोड्यांना वाटले.

कोकण किनाऱ्यानेही अशी चढाओढ पाहिली आहे. रस्ते नव्हते तेव्हा हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांतून मुंबईस जाण्याचा मार्ग आगबोटीचाच होता. अनेक ठिकाणी पडावात बसून खोल पाण्यातील बोट गाठावी लागे. या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा जम बसलेला होता. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ साली, इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी उभी राहिली. कोकणी माणूस तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणे. पुढील काळात या किनाऱ्यावर कंपन्यांमध्ये भाडे पाडण्याची चुरस लागली. १९३९ साली बॉम्बे स्टीम कंपनी सिंदिया कंपनीच्या मालकीची झाली. 'माझी' या एका शब्दात ग्राहकाचे मन दिसते. नुसते स्वस्त भाडे नको, आपले ऐकणारी कंपनी हवी, ही भावना त्यात होती. मात्र मागे सांगितलेली 'रामदास' बोट याच कंपनीची होती, हेही विसरता येत नाही. कंपनी आपली वाटली म्हणून तिच्या बोटीवरील साधनांची तपासणी अनावश्यक ठरत नाही.

मोबाईल फोनचा धडा

आगबोटींचा काळ मागे पडला. एसटी वाढली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण किंमत, सेवा आणि स्पर्धा यांचा तोच खेळ पुढे मोबाईल फोनच्या रूपाने घरोघरी आला. भारतात पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. त्या काळी एका मिनिटास १६ रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. कंपन्या वाढल्या आणि दर उतरले. २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. या शेवटच्या सुधारणेचे मोल मोठे आहे. तोपर्यंत दुसरी कंपनी चांगली असली तरी, क्रमांक सर्व नातेवाइकांना ठाऊक आहे या एका कारणाने माणूस जुन्या कंपनीशी बांधला जाई. निघून जाण्याचा मार्ग मोकळा झाला तेव्हाच त्याच्या तक्रारीला वजन आले.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ कंपनीची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ती विनामूल्य होती. तत्पूर्वी एक जीबी डेटासाठी दोन-अडीचशे रुपये पडत. ते दर झपाट्याने कोसळले. खेड्यातील मुलाच्या हाती प्रथमच चित्रफिती, शब्दकोश, नकाशे आले. हा लाभ खरा होता आणि तो आजही पुष्कळ अंशी टिकून आहे. परंतु याच चढाओढीत अनेक कंपन्या बाजारातून गेल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांची सेवा थांबली, टेलिनॉर व टाटा यांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र झाल्या. आता खाजगी तीन आणि सरकारी भारत संचार निगम एवढेच पर्याय येथील ग्राहकापुढे आहेत. कंपन्या उरल्या थोड्या, आणि डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर व जुलै २०२४ अशा तीन वेळी खाजगी कंपन्यांनी दर वाढविले. जुलै २०२४ नंतर बरेच ग्राहक भारत संचार निगमकडे वळले. स्वस्ताई कायमची नसते, आणि दुसरा पर्याय उभा असला तरच दरवाढीस उत्तर देता येते, हे यावरून स्पष्ट होते.

पर्याय मोजावेत कसे

पर्याय चार आहेत असे म्हणताना ते कोठून मोजले हे पाहिले पाहिजे. रत्नागिरी शहरात चार असतील; खाडीच्या आत किंवा सह्याद्रीच्या कुशीतील वाडीत एकच असेल आणि तोही शाळेमागच्या टेकडीवर चढल्यावर. मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या तेव्हा कोकणातील कित्येक मुले रेंजसाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत. त्या मुलांच्या दृष्टीने देशातील डेटा जगात स्वस्त असण्यास कितीसा अर्थ होता? जेथे दुसरा विक्रेता पोचतच नाही, तेथे स्पर्धा या शब्दाने ग्राहकाचे संरक्षण होत नाही.

दुसरी एक गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा दापोली व मंडणगड तालुक्यांस जबर बसला. वीज गेली आणि अनेक गावांतील फोन कित्येक दिवस मुके झाले. मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेल्यावर तो काही काळ बॅटरीवर व नंतर डिझेलच्या जनित्रावर तग धरतो. रस्ता बंद झाला की डिझेल पोचत नाही. शिवाय आपल्या देशात अनेक कंपन्यांची उपकरणे एकाच मनोऱ्यावर बसविलेली असतात. त्यामुळे खर्च वाचतो, हे चांगलेच आहे. पण तो एक मनोरा बंद पडला म्हणजे सर्व कंपन्या एकदमच बंद पडतात. घरात दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे ठेवणारा माणूस आपल्याजवळ दोन आधार आहेत असे समजतो; वस्तुतः आधार एकच असू शकतो.

हीच दृष्टी शाळेच्या दरपत्रकांस लावून पाहावी. तीन कागदांवर तीन शिक्के उमटले म्हणजे स्पर्धा झाली असे नव्हे. तिन्ही दुकानदार माल एकाच ठोक विक्रेत्याकडून आणत असतील, दुरुस्तीही एकाच माणसाकडून करवून घेत असतील, किंवा तिन्ही कागद एकाच हाताने आणून दिलेले असतील, तर तुलनात्मक तक्ता भरला जाईल. पण तुलना झालेली नसेल. दरपत्रके शाळेने स्वतः निरनिराळ्या ठिकाणांहून मागविली पाहिजेत.

जेथे नफा दिसत नाही म्हणून विक्रेता जात नाही, तेथे शासनाने जावे लागते. या हेतूने दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला असून त्यास आता डिजिटल भारत निधी असे नाव आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील २४,६८० सेवावंचित गावांत ४-जी सेवा पोचविण्याची योजना मंजूर केली व ते काम भारत संचार निगमकडे सोपविले. नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार कंपन्यांना आपल्या सेवेच्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. नकाशात गाव रंगविलेले आणि प्रत्यक्षात रेंज नाही अशी स्थिती असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने ती विसंगती लेखी कळवावी. मोघम तक्रारीपेक्षा जागा, दिवस व वेळ नोंदविलेल्या तक्रारीचा अधिक उपयोग होतो.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१. या वस्तूचा उपयोग कोण, कोणत्या कामासाठी, महिन्यातून किती वेळा करणार आहे?

२. तीन वर्षांचा एकूण खर्च किती? त्यात किंमत, नित्याची सामग्री, वीज, दुरुस्ती व ने-आण यांचा समावेश केला आहे काय?

३. जवळचे सेवा केंद्र कोठे आहे? कारागीर शाळेत येतो, की वस्तू न्यावी लागते? त्याच कंपनीचे यंत्र वापरणाऱ्या शेजारच्या शाळेचा अनुभव काय?

४. सुटे भाग व शाई तालुक्यात मिळतात काय? दुसऱ्या कंपनीची सामग्री चालते काय?

५. पुढे कंपनी बदलावी लागली, तर शाळेची माहिती दुसऱ्या यंत्रावर नेता येईल काय?

६. वस्तू महिनाभर बंद राहिली, तर काम कसे चालेल?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर 'काही अडणार नाही' असे आले, तर ती वस्तू मुळात हवी आहे काय, याचाही विचार करावा.

खरेदीनंतर पावती व हमीपत्र यांवर दिनांक, यंत्राचा क्रमांक व दुकानाचा शिक्का आहे याची खात्री करून ती कागदपत्रे नोंदवहीबरोबर ठेवावीत. प्रत्येक बिघाडाची तारीख व दुरुस्तीस लागलेले दिवस यांची एक लहान वही ठेवल्यास पुढील खरेदीस तिच्यासारखा मार्गदर्शक नाही. ग्राहकाच्या हक्कांसाठी १९८६ साली झालेल्या कायद्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. तक्रारीसाठी १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे व जिल्ह्यात ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तेथे प्रथम कागद विचारले जातात, हे ध्यानात ठेवावे.

वर्गातील उपयोग

हा विषय कार्यालयीन खरेदीपुरता नाही. सहावी-सातवीच्या मुलांस नफा-तोटा, शेकडेवारी व सरासरी शिकविताना यासारखी दुसरी सामग्री शोधून सापडणार नाही. मुलांनी घरातील एक वस्तू निवडावी: पंखा, मिक्सर, टॉर्च, वडिलांच्या होडीचे यंत्र, कोणतीही. ती केवढ्याला घेतली, आजवर दुरुस्तीस किती लागले, किती दिवस बंद होती, हे घरी विचारून तीन रकान्यांत लिहावे व वर्गात तुलना करावी. दुसरा उपक्रम रेंजचा. शाळा, मंदिर, बंदर किंवा एसटीचा थांबा आणि एखादी दूरची वाडी अशा चार जागी, ठरलेल्या वेळी, पालकांच्या फोनवर कोणत्या कंपनीची रेंज किती येते हे आठवडाभर नोंदवावे व गावाच्या नकाशावर रंगांनी दाखवावे. मुलांनी तयार केलेला असा नकाशा ग्रामपंचायतीच्या अर्जास जोडण्याइतका उपयोगी ठरू शकतो. घरांतील माहिती गोळा करताना कोणाच्या गरिबीची चर्चा वर्गात होणार नाही, याची काळजी मात्र शिक्षकाने घ्यावी. नावे न लिहिता केवळ आकडे घ्यावेत.

ज्या घरात वर्षातून एकदाच मोठी खरेदी होते, त्या घराला चुकीची वस्तू घेण्याची ऐपत नसते. श्रीमंत माणूस बिघडलेली वस्तू टाकून दुसरी घेतो. गरिबाच्या घरी ती कोपऱ्यात राहते आणि तिचे हप्ते चालू राहतात. म्हणून किमतीच्या पुढचे दोन प्रश्न विचारण्याची सवय सर्वांत अधिक उपयोगी पडते ती गरीब घरातील मुलास. ती सवय त्यास शाळेत लागली पाहिजे, आणि शाळेने स्वतःची खरेदी त्याच रीतीने केलेली त्याला दिसली पाहिजे. शाळेतील प्रिंटर का निवडला, हा हिशेब फळ्यावर मांडून मुलांस दाखविता येईल अशी खरेदी करावी.